कुठे विचारू नये

माझ्या हातून आजवर झालेली शिकार म्हणजे एक उंदीर, तोही आपण होऊन पिंजऱ्यात शिरलेला. झुरळं आमच्याकडे माझी बायको मंजिरी मारते. मी लांबून दिशा दाखवतो. त्यामुळे मी हरणाच्या शिकारीला जाऊन आलो हे कळल्यावर पुण्याहून बहिणीचा फोन आला, तो थेट "नोकरी गेली का रे?" असाच.

नोकरी आहे. आणि बंदूक मी हातात धरली नाही, हेही आधीच सांगून टाकतो. मी गेलो होतो शिकाऱ्याचा जोडीदार म्हणून. गेलो ते ओहायोच्या आग्नेय कोपऱ्यातल्या एका सरकारी जंगलात. त्यातल्या कोणत्या डोंगरावर, ते सांगणार नाही. लग्नपत्रिका छापावी आणि कार्यालयाचा पत्ता गाळावा तसं हे प्रवासवर्णन होणार आहे, पण इलाज नाही. ते का, ते पुढे येईलच.

ड्राइव्हवेवरचा इंटरव्ह्यू

आम्ही ओहायोतल्याच, कोलंबसला लागून असलेल्या डब्लिनला राहतो. आमच्या घरासमोर वॉल्ट आणि त्यांची बायको कॅरल राहतात. वॉल्ट सत्तरीला टेकलेले. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरांतले हीटर दुरुस्त केले. इंग्रजीत लहानथोर सगळेच 'यू', पण मनातल्या मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून अहो-जाहोच करत आलोय.

दरवर्षी नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण झाला की सोमवारपासून आठवडाभर हरणाच्या शिकारीचा मोसम असतो. वॉल्ट आणि त्यांचे मित्र रॉय, दोघं तीस वर्षं बरोबर जात. यंदा रॉय गुडघ्यांची तक्रार घेऊन ॲरिझोनाला राहायला गेले, आणि त्याच उन्हाळ्यात वॉल्टच्या हृदयात स्टेंट बसला. कॅरलनं हुकूम काढला, एकटं जायचं नाही. जोडीदार मिळाला तर जा, नाहीतर बंदूक विका. ती विका म्हणाली की विकायला लागते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"जावयाला न्या की," मी म्हटलं.

"तो सँडविच खाल्लं तरी फोटो टाकतो," वॉल्ट म्हणाले.

यातली गोम मला तेव्हा कळली नव्हती. सरकारी जंगल म्हणजे सगळ्यांचं. परवाना काढा, केशरी जाकीट घाला आणि बसा. कुठलंच झाड कुणाच्या बापाचं नाही. म्हणूनच ज्याला चांगलं झाड सापडतं तो ते कोणाला कळू देत नाही. आपल्याकडे चांगला आंबेवाला सापडला की आपण सोसायटीभर त्याचा नंबर वाटतो आणि वर 'माझं नाव सांगा' म्हणतो. इथे माणूस मित्राला पाहुणचार करील, प्रसंगी ट्रक वापरायला देईल, पण झाड सांगणार नाही. त्यामुळे शिकारीचा जोडीदार निवडायचा म्हणजे नेम बघायचा नसतो. तोंड बघायचं असतं.

माझी परीक्षा त्यांच्या ड्राइव्हवेवर झाली. ते पानं गोळा करत होते.

"चार तास न हलता बसता येतं?"

"बावीस वर्षं मीटिंगमध्ये बसतोय."

"बोलायचं नाही."

"लग्नाला सव्वीस वर्षं झाली."

ते हसले नाहीत. "कोणी विचारलं, हरीण कुठे मिळालं, तर काय सांगशील?"

मी विचार करून म्हटलं, "तुम्ही सांगाल त्या ठिकाणाचं नाव सांगीन."

"चूक. 'जंगलात' असं सांगायचं. आणि फोन गाडीत ठेवायचा."

मी हो म्हटलं. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला शारीरिक कष्टाच्या कामासाठी निवडत होतं. मी कशालाही हो म्हटलं असतं.

रविवार

डब्लिन सोडल्यावर बराच वेळ ओहायो पोळपाटासारखा सपाट असतो. मग एकाएकी रस्ता वळणं घ्यायला लागतो, दोन्ही बाजूंनी टेकड्या जवळ येतात आणि वाटतं, अरे, हे तर आपल्या ओळखीचं आहे. पानगळ झालेली ओक आणि बीचची झाडं, खाली गुडघाभर पाचोळा, मधूनच कोळशाच्या जुन्या खाणींची बुजलेली तोंडं.

पहिला घोटाळा ट्रकमध्येच झाला. वॉल्टनी हुंगलं. परत हुंगलं.

"हे काय आहे?"

"हिंग," मी म्हटलं.

वॉल्ट शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणानं धुतात आणि जंगलातल्या पाचोळ्याबरोबर पिशवीत बांधून ठेवतात. हरणाला मैलभरावरून वास येतो म्हणे. माझं जाकीट मात्र आदल्या रात्री स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेलं होतं, आणि मंजिरीनं त्याच रात्री चार दिवसांची तयारी केली होती. दशम्या, लसणीची चटणी, हिंग-तिखट लावून भाजलेले शेंगदाणे. निघताना डबा हातात देत ती दहादा म्हणाली होती, "पोहोचलात की कळवा." आपल्याकडे माणूस पोहोचतो तो कळवल्यावरच. त्याआधी तो नुसता गेलेला असतो.

ट्रकमागे ओढत आणलेला कॅम्पर, म्हणजे चाकांवरची खोली, आमचा मुक्काम. जाकीट रात्रभर त्याच्या बाहेर झाडाला लटकलं. दशम्यांना मात्र वॉल्टनी माफ केलं. एक खाल्ली, चटणीकडे बोट करून "हे पुढच्या वेळी घरी ठेव" म्हणाले आणि मग तीही खाल्ली. कॅम्पर उभा होता त्या जागी फोनला रेंज नव्हती. मंजिरीच्या दृष्टीनं मी अजून वाटेतच होतो.

सोमवार

अंधारात चढायला सुरुवात केली. पाऊण तास. वॉल्ट दर शंभर पावलांवर थांबत आणि कॅरलनं सांगितलंय म्हणून थांबतोय असं दाखवत. मी मागे दम लागून थांबे आणि ते थांबलेत म्हणून थांबलोय असं दाखवी.

जागा म्हणजे दोन टेकड्यांमधली खिंड. तिच्या तोंडाशी एक जुना ओक. वॉल्टनी त्याच्या बुंध्यावर असा हात ठेवला, जसा आपण बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवतो. ही जागा त्यांना आणि रॉयला दोन हिवाळे पायपीट करून सापडली होती. हरणं एका उतारावरून दुसऱ्या उतारावर जाताना इथूनच जातात. तीस वर्षांत त्यांनी इथे तिसरा माणूस आणला नव्हता. मी तिसरा.

बसलो. न हलता बसणं मीटिंगसारखं नसतं, हे दहा मिनिटांत कळलं. मीटिंगमध्ये पोट वाजलं तर हरीण पळत नाही. उजाडताना पाचोळ्यात असा काही आवाज झाला की मी वॉल्टचा दंड धरला. अस्वलच! निघाली खार. खार पाचोळ्यात चालली की हत्ती चालल्यासारखी वाजते, आणि हरीण चाललं की काहीच वाजत नाही. नऊच्या सुमाराला मी पापणी मिटून उघडली तर समोर तीस पावलांवर एक मादी उभी होती, मागे तिचं वर्षाचं पाडस. नाकातून वाफ निघत होती. वॉल्टनी बंदूक उचललीसुद्धा नाही. ती दोघं निघून गेल्यावर मी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. "ती दरवर्षी येते," वॉल्ट पुटपुटले. दिवसभरातलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य.

दुपारी ते ओढ्याकडे पावलांच्या खुणा बघायला उतरले आणि मी झाडाखाली एकटा राहिलो. फोन माझ्या खिशात होता. हो, होता. वेळ बघायला म्हणून घेतला, असं मी स्वतःला सकाळी सांगितलं होतं. तेवढ्यात तो खिशात थरथरला. रेंजची एक काडी! मंजिरीचे निरोप एकापाठोपाठ एक उतरले. "पोहोचलात का?" "अहो?" "अहो???" "कॅरललाही काही कळलं नाहीये." शेवटच्यात नुसता माझी रक्तदाबाची गोळी घरीच राहिल्याचा फोटो.

मी घाईघाईनं घरच्या ग्रुपवर लोकेशन टाकलं आणि खाली लिहिलं, "पोहोचलो. आम्ही इथे आहोत. जागा झकास!" निरोप गेला, काडी गेली. वॉल्ट वर आले तेव्हा मी खारीकडे बघत बसलो होतो.

मंगळवार

दुसऱ्या दिवशी चढताना वॉल्ट एकदम थांबले. खिंडीच्या तोंडाशी, ओकच्या बुंध्याजवळ, बॅटरीचा लाल उजेड हलत होता.

या जंगलात कुठेही न लिहिलेला एक नियम आहे. जो आधी येऊन बसला, जागा त्याची. मागून येणाऱ्यानं एक शब्द न बोलता परत फिरायचं. वॉल्ट नियमाप्रमाणे वळले. मीही वळलो, आणि वळताना माझा पाय फांदीवर पडून मोडायचा तो फांदीच मोडली. माझ्या तोंडून "आई गं" निघालं.

अंधारातून आवाज आला, "कोण? जयंतकाका का?"

तो शिरीष होता. मूळचा नागपूरचा, कोलंबसमध्ये माझ्याच शेजारच्या ऑफिसात. दोन वर्षांपूर्वी त्यानं शिकारीचा परवाना काढलाय आणि अजून त्याला काही मिळालेलं नाही.

"काका! या ना, या!" तो दबक्या आवाजात ओरडला. दबक्या आवाजात ओरडणं नागपूरकरांनाच जमतं. "लय मस्त जागा आहे राजेहो. बसा, जागा आहे अजून!"

वॉल्टना त्यांच्याच झाडाखाली 'या, बसा' म्हणत होता बिचारा. सोबत त्याच्या ऑफिसातले दोघं तरुण, केशरी जाकिटांत.

"शिरीष, तू इथे कसा?"

"कसा म्हणजे? तुम्हीच तं काल टाकलं ना, 'आम्ही इथे आहोत, जागा झकास.' मला वाटलं, काका बोलावतेच आहेत. तीनला निघालो घरून."

"मी घरच्या ग्रुपवर टाकलं."

"'घरचं'वरच तं टाकलं!"

आता हे समजावून सांगायला हवं. माझ्या फोनमध्ये 'घर' नावाचा एक ग्रुप आहे. त्यात आम्ही दोघं, लेक आणि पुण्याची बहीण. आणि 'घरचं' नावाचा दुसरा. त्यात कोलंबसच्या आसपासची शहाऐंशी मराठी माणसं. कोणाकडे पुरणपोळ्यांची ऑर्डर घेतात, कोणाला कढीपत्त्याचं रोप हवंय, असले विषय. एका अक्षराचा आणि अनुस्वाराचा फरक. वॉल्टनी तीस वर्षं जपलेली जागा मी कढीपत्त्याच्या रोपाखाली शहाऐंशी लोकांना वाटली होती.

वॉल्ट माझ्याकडे बघत होते. त्यांना मराठी येत नाही. त्यांनी फक्त त्या झाडाखालून माझं नाव ऐकलं होतं. एक क्षण मनात आलं, ओळखीचा मुलगा आहे, योगायोगानं आला, असं सांगून टाकावं. त्यांना कधी कळलंही नसतं. पण माझा चेहरा खोटं बोलायच्या आधी घामेजतो.

"वॉल्ट," मी इंग्रजीत म्हटलं, "ही माझी चूक आहे. फोन माझ्या खिशात होता. काल मी इथलं लोकेशन बायकोला पाठवायला गेलो आणि ते भलत्याच लोकांना गेलं. शहाऐंशी."

"साठ?" त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं.

"शहाऐंशी."

शिरीषच्या डोक्यात एव्हाना प्रकाश पडला होता. तो झटकन उठला. "सॉरी सर, आम्ही जातो, ही तुमची जागा आहे—"

"नाही," वॉल्ट म्हणाले. "तुम्ही आधी आलात. बसा. वारा तिकडून आहे, म्हणून डावीकडच्या उताराकडे तोंड करा. मादी आणि पाडस आलं तर सोडून द्या." आणि त्या तिघांशी हात मिळवून ते खाली उतरायला लागले.

ट्रकमध्ये बसून त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतली. एकच कप.

"फोन गाडीत ठेव म्हटलं होतं."

"हो."

"तू हो म्हणाला होतास."

"हो. पण माझी बायको काळजी—"

"बायका सगळ्यांना असतात," वॉल्ट म्हणाले.

साडेनऊला वर एक बार झाला. अर्ध्या तासानं शिरीष धापा टाकत खाली आला. मोठा नर मिळाला होता. आनंदानं त्याचे डोळे पाणावले होते, आणि पुढे काय करायचं ते तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. "काका, व्हिडिओ पाहिलेत हो, पण इथे चालतच नाहीत ना!"

मला वाटलं, वॉल्ट ट्रक सुरू करतील. त्यांनी सुरी घेतली आणि परत पाऊण तास चढले. त्या मुलांना त्यांनी हरीण साफ करायला शिकवलं. कुठे चिरायचं, काय फुटू द्यायचं नाही, आधी हात कसे पुसायचे. शिरीषनं आपसूक हरणाला हात लावून नमस्कार केला, तेव्हा वॉल्ट टोपी काढून उभे राहिले. मग आम्ही चौघांनी दोर लावून ते धूड खाली ओढलं. वॉल्टना मी दोराला हात लावू दिला नाही. कॅरलची शपथच घातली.

शिरीष अर्धं मटण देत होता, त्यांनी घेतलं नाही. "सर, आम्ही परत इथे येणार नाही," तो म्हणाला.

"या की. सरकारी जंगल आहे," वॉल्ट म्हणाले. "पण दोन हिवाळे स्वतः चालून बघा. मजा त्यात आहे."

त्याच दुपारी आम्ही घरी निघालो. चार दिवसांचा बेत दोन दिवसांत गुंडाळला. वाटेत रेंज आली आणि माझा फोन नुसता वाजत राहिला. "काका, काळा मसाला पाठवू का?" "हरीण की ससा?" "हाइक सोपी आहे का? मुलांना घेऊन जाऊ रविवारी." आणि सगळ्यांत वर, पहिल्या मिनिटाला आलेलं मंजिरीचं, "अहो, हे कुठल्या ग्रुपवर टाकलंत?"

मी तो फोन मांडीखाली घेऊन बसलो. ड्राइव्हवेवर वॉल्ट म्हणाले, "सामान विसरू नकोस." पुढच्या वर्षाबद्दल एक शब्द नाही.

शेवटचा रविवार

बुधवारी कॅरल आली. वॉल्ट गॅरेजमध्ये बसून बंदुकीला पाचव्यांदा तेल देताहेत म्हणाली. गुरुवारी बंदूक विकत घ्यायला त्यांना एका गिऱ्हाइकाचा फोनही आला. मंजिरीनं माझ्याकडे असं बघितलं की मी न जेवता उठलो.

शनिवारी दार वाजलं. वॉल्ट.

"उद्या मोसमाचा शेवटचा दिवस. कॅरल एकट्याला सोडत नाही."

"म्हणजे दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून?"

"हो."

एवढ्या सरळ उत्तराचा राग तरी काय यायचा. फोन मी आमच्या स्वयंपाकघरात, मंजिरीच्या समोर, डाळीच्या डब्यावर ठेवून निघालो. "आणि पोहोचलात ते कसं कळणार?" तिनं विचारलं. मी दशम्यांचा डबा उचलला.

तो दिवस आम्ही नुसते चाललो. नवी जागा शोधत. झाडांच्या सालीवर शिंगं घासल्याच्या खुणा, ओढ्याकाठी खुरं, ओकची फळं कुठे पडली आहेत. मला एकही जागा दुसरीहून वेगळी दिसली नाही. दुपारी एका ओंडक्यावर दशम्या खाताना मी त्यांना माझ्या आत्याबद्दल सांगितलं. कोणी घराबाहेर पडताना आम्ही पोरांनी 'कुठे?' विचारलं की आत्या पाठीत धपाटा घालायची. जाणाऱ्याला कुठे विचारू नये, काम होत नाही. विचारायचंच तर 'लांब निघालात का?' असं विचारायचं.

वॉल्ट चावायचे थांबले. "आणि जाणारा काय सांगतो?"

"'जरा जाऊन येतो' म्हणतो."

"तुझ्या देशात असलेलं हे शहाणपण तू येताना तिकडेच ठेवून आलास," वॉल्ट म्हणाले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. मग हातातली दशमी संपवून म्हणाले, "रॉयनं तीस वर्षांत एकदाही स्वतःची चूक कबूल केली नाही. हरीण चुकलं की वारा, ट्रक अडकला की चिखल."

जागा काही सापडली नाही. संध्याकाळी पाय ओढत परतलो.

डिसेंबर, वॉल्टचं स्वयंपाकघर

डिसेंबरात एक जादाचा शनिवार-रविवार शिकारीला मिळतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी वॉल्टनी बोलावलं. टेबलावर कागद, पेन्सिल आणि दोन पाकिटं.

"तुझ्या बायकोचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "माणूस कुठे आहे ते घरी कोणाला तरी माहीत पाहिजे. मी कॅरलला जागा पाकिटात लिहून देतो. आठपर्यंत आलो नाही तर फोडायचं. रॉयची बायकोही तसंच करायची. तुला हे सांगायचं राहिलं, ती माझी चूक."

मग त्यांनी कॅरलला बाहेरच्या खोलीत पाठवलं आणि दार लोटलं.

"आणखी एक जागा आहे," ते म्हणाले. "रॉयलाही माहीत नाही."

मी म्हटलं, "वॉल्ट, मला नका सांगू. मी नुसता मागून चालीन."

"आणि मी वर आडवा पडलो तर?" त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. "लिही. तुमच्या अक्षरांत लिही. दोन्ही पाकिटांत तेच घाल. उशीर झाला तर कॅरल रस्ता ओलांडून तुझ्या बायकोकडे जाईल. वाचेल ती, रस्ते ओळखेल कॅरल. दोघी लागतील."

"शिरीषलाही वाचता येतं," मी म्हटलं.

"तर मग त्याच्या हाती पडू देऊ नकोस."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. कोणत्या रस्त्यानं, कोणत्या मोरीपाशी ट्रक लावायचा, ओढा कितव्यांदा ओलांडल्यावर डावीकडे वळायचं, दुभंगलेल्या बीचच्या झाडापासून किती पावलं. एकही खूण त्यांनी वगळली नाही. मधे एकदा थांबून त्यांनी 'पावलं' या शब्दावर बोट ठेवलं, ही वरची काडी कसली म्हणून विचारलं. मात्रा नव्हती ती, माझी पेन्सिल घसरली होती. मी खोडून नीट केलं.

दोन्ही कागद लिहून झाल्यावर त्यांनी एक उचलला, चष्मा चढवला आणि लांब धरून पाहिला. मग मला परत दिला.

"वाच."

मी सगळं वाचून दाखवलं. मराठीत, सावकाश. ते मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही पाकिटं चिकटवली.